लाल दोऱ्याची झिनिया

“मालक, फुलं माह्या दादाची, मंग कप तुमाले काहून?” याचं उत्तर मला अजून कोणी दिलेलं नाही.

दादा अमरावतीला रावसाहेबांचा माळी. झिनियाची सगळ्यात चांगली फुलं तो बियाण्यासाठी राखायचा आणि कोणी तोडू नये म्हणून त्यांना लाल दोरा बांधायचा. तो तापानं गेला. त्याचं तेरावं व्हायच्या आधीच रावसाहेबांनी नेमकी तीच फुलं तोडून फुलांच्या प्रदर्शनात मांडली आणि पहिल्या नंबराचा कप मिळवला.

“जाता जाता आमच्यासाठी निवडून ठेवली बिचाऱ्यानं,” रावसाहेब कप पुसत म्हणाले. “आता पुढच्या सालच्या बियाण्याचं काय?”

“दोरे बांधून देतो, मालक. दोरेवाल्या फुलांचंच बी धरजा.”

मी वाफ्यात शिरलो, किडकी, खुरटी फुलं हुडकली, प्रत्येकाला दादासारखीच पक्की गाठ मारली आणि घरी निघून आलो.