कापसाच्या बोळ्याचं पाणी

सासू: इस्त्री आधी बाजूला ठेव. हातात गरम वस्तू असताना ऐकण्यासारखं नाही ते.

सून: आई, आता घाबरवू नका. उद्या सकाळी बाप्तिस्मा, वेदीची तीन वस्त्रं अजून इस्त्रीची राहिलीत, पोरीच्या झबल्याच्या बाह्यांना लेस लावायचीय. काय ते पटकन सांगा.

सासू: ठेवलीस?

सून: ठेवली. हे बघा, वायरसुद्धा काढली. बोला.

सासू: उद्या बाप्तिस्मा नाही व्हायचा.

सून: का? फादर आजारी पडले?

सासू: फादर ठणठणीत आहेत. बाप्तिस्मा झालाय. आधीच.

सून: कुणाचा?

सासू: ही काय, फादरच्या झग्यांच्या खणात पाय ताणून झोपलीय, तिचा.

सून: हसू का मी आता?

सासू: हसू नकोस. तीन महिने झाले त्याला. मी दिला. ती दवाखान्यात काचेच्या पेटीत होती तेव्हा.

सून: तुम्ही कोण देणार? तुम्ही चर्चच्या चादरी धुता!

सासू: जीव जायची वेळ आली तर कुणीही देऊ शकतं. आम्हाला लहानपणी धर्मशिक्षणात घोकून घेतलं होतं. पाणी हवं आणि ते शब्द हवेत. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, आजची दुपार काढली तर पुढचं बघू. नऊशे ग्रॅमचा जीव. साखरेची पिशवी त्याहून जड असते.

सून: "आजची दुपार" वगैरे मला कुणी बोललं नाही.

सासू: तुला काय बोलणार? तू वरच्या मजल्यावर, पोट शिवलेलं, अंगात ताप. मला गिऱ्हाईक समजून म्हणत होतीस, बाई, तुमचा ब्लाउज मंगळवारी मिळेल. माझा मुलगा तुझ्या उशाशी. खाली मी एकटी. विचारू कुणाला?

सून: मला हलवून उठवायचं.

सासू: उठत होतीस तू?

सून: बरं, तेव्हा नाही. नंतर? तीन महिने तोंडाला कुलूप का? आपण एका घरात राहतो, आई. एका बशीत बिस्किटं बुडवतो.

सासू: सांगणार होते. तू घरी आलीस ती रडत. मग पोर घरी आली, तर तू तिच्याकडे बघून रडत. म्हटलं, जरा सावरू दे. मग तू सावरलीस आणि झबलं शिवायला घेतलंस. त्या झबल्याकडे बघून तोंड उघडेना माझं.

सून: आणि आज उघडलं.

सासू: परवा फादरनी फॉर्म दिला ना भरायला. "पूर्वी बाप्तिस्मा झाला आहे का?" तू "नाही" लिहिलंस. तुझं पेन चालेना म्हणून मी माझं दिलं. तेव्हापासून झोप नाही मला. दोनदा देत नाहीत तो. एकदाच असतो. उद्या सगळ्यांसमोर फादर ते शब्द म्हणणार आणि मी गप्प उभी राहणार? वीस वर्षं त्या वेदीवर चादर घालतेय मी.

सून: म्हणजे तुमची झोप महत्त्वाची.

सासू: बस जरा. किती फेऱ्या मारशील?

सून: नाही बसत. बसले तर ओरडेन, आणि ती उठेल. आई, मी मोजून दाखवू का तुम्हाला? तिला पहिल्यांदा पुसलं नर्सनी. पहिलं दूध नळीतून, तेही दुसऱ्या कुणा बाईचं. पहिल्यांदा कुशीत घेतलं तुम्ही. माझ्या हातात ती आली आठव्या दिवशी, आणि तेव्हाही नर्स म्हणाली, सांभाळून, तुम्हाला सवय नाही. मला सवय नाही! माझ्या पोटातून आलेली पोर!

सासू: माहीत आहे गं मला.

सून: नाही माहीत. मला अजून वाटतं, कुणीतरी दार वाजवेल आणि म्हणेल, बाई, चुकून तुमच्याकडे राहिली, द्या परत. रोज वाटतं. म्हणून मी एक गोष्ट धरून बसले होते. बाप्तिस्म्याच्या कुंडाशी मी तिला नेणार. माझ्या हातांनी. सगळ्यांच्या देखत फादर म्हणणार, आईनं बाळाला पुढे आणावं. तेवढं एक उरलं होतं माझं. तेही तुम्ही करून मोकळ्या झालात. तेही मी बेशुद्ध असताना.

सासू: मी काय हौसेनं केलं?

सून: तुम्ही तिला सोडून दिलं होतंत त्या दुपारी. मेली असं धरूनच चालला होतात.

सासू: हे मात्र बोलू नकोस. बाकी काय वाटेल ते बोल.

सून: ...चुकलं.

सासू: राहू दे.

सून: आई, एक करा. फादर येतीलच आत्ता चर्चमधून इकडे, उद्याचं दाखवायला. त्यांना सांगा, नक्की आठवत नाही.

सासू: पण मला नक्की आठवतं.

सून: मग आठवू नका! शंका असली तर फादर परत देऊ शकतात. शेजारच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर म्हणाल्या होत्या कुणाबद्दल तरी. तेवढंच म्हणा, घाईत शब्द गाळले असतील. माझ्यासाठी. मी आजवर काही मागितलंय तुमच्याकडे?

सासू: शिलाई मशीन मागितलंस.

सून: आई!

फादर: अरे वा, दोघी इथेच आहेत. आणि माझ्या जांभळ्या झग्यावर ही कोण महाराणी? भिजवला नाही ना अजून?

सासू: खाली प्लास्टिक घातलंय, फादर.

फादर: दूरदृष्टी. बरं, उद्याचं बघून घेऊ. आधी दारात प्रश्न, मग वाचन, मग कुंडाशी. आईनं बाळाला डाव्या हातावर... काय झालं? चेहरे असे का?

सून: सांगा, आई.

सासू: फादर, मी दवाखान्यात हिला पाणी घातलं होतं. पोर जाणार म्हणून.

फादर: तुम्ही? आणि मला आज सांगताय?

सून: उशीर झाला ते आमचं आम्ही भांडून घेतलंय. तुम्ही फक्त सांगा, आता काय.

फादर: आता... शब्द आणि पाणी बरोबर असेल, तर बाप्तिस्मा झाला. मी दिला असता तर जेवढा झाला असता, तेवढाच. पुन्हा द्यायचा नसतो.

सून: आणि शंका असेल तर?

फादर: खरी शंका असेल, तर एक वाट आहे. "जर तुझा बाप्तिस्मा झाला नसेल, तर" असं म्हणून देतो आम्ही. शंका आहे का? सासूबाई? पाणी लागलं होतं तिला?

सासू: ...लागलं असेल.

फादर: असेल? आणि शब्द? पूर्ण म्हणालात?

सासू: नर्स घाई करत होती. पेटीला ते बाजूचं भोक असतं ना, तेवढ्यातून हात घालायचा. मी "पिता, पुत्र" म्हटलं. पुढचं म्हटलं की नाही... आठवत नाही, फादर. वय झालं माझं.

फादर: गेल्या महिन्यात तुम्ही मला मेणबत्त्यांचा सहा वर्षांपूर्वीचा हिशोब तोंडपाठ सांगितला होता.

सासू: त्या मेणबत्त्या होत्या. आठवत नाही म्हणते ना! शंका आहे असं लिहा. उद्या हिच्या हातात पोर द्या, आणि तुम्ही पाणी घाला. विषय संपला.

फादर: शंका आहे, तर मग ठीक आहे. फॉर्म कुठे ठेवलाय...

सून: थांबा, फादर. लिहू नका.

फादर: का?

सून: त्या खोटं बोलतायत. मी सांगितलं खोटं बोलायला.

सासू: अगं, आता का मध्ये पडतेस! बोलले ना मी. माझं मी बघेन वर जाऊन.

सून: नको. ऐकताना कसंतरी झालं मला. आई, शंका असेल, तर मग त्या दुपारी तिच्याकडे काय होतं? मी नव्हते. तिचे बाबा नव्हते. काचेच्या पेटीत एवढीशी, अंगभर नळ्या. आणि जर तेही अर्धवट राहिलं असेल, तर ती अगदी एकटी होती. नको मला तसं. खरं सांगा. शब्द पूर्ण म्हणालात?

सासू: म्हणाले.

सून: सगळे?

सासू: सगळे. "पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा." नर्सनं कापसाचा बोळा दिला उकळलेल्या पाण्यात बुडवून. भांडं आत नेऊ देईनात. तीनदा पिळला मी, कपाळावर. तिसऱ्यांदा पाणी ओघळून कानाकडे गेलं आणि तिनं तोंड वाकडं केलं. तेव्हा मला वाटलं, ही जात नाही. जाणारा माणूस कशाला तोंड वाकडं करेल?

सून: हे मला का नाही सांगितलंत? तोंड वाकडं केलं ते?

सासू: ते सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं.

फादर: रडा, रडा. मी खिडकी लावतो, उगाच गायनमंडळातले डोकावतील.

सून: फादर, तुम्ही दर रविवारी म्हणता ना, ख्रिस्तसभा, म्हणजे चर्च, ही आपली माता. मला राग येतो त्याचा. खरंच येतो. म्हणजे मी कोण? तिला एक माता आधीच आहे, तर माझी गरज काय? पोर वाढवायची मी, आणि लेकरू तिचं?

फादर: राग आला तर येऊ दे. पण मी म्हणतो ते या इमारतीबद्दल नाही. हिला स्वतःचं छप्परसुद्धा सांभाळता येत नाही, दर पावसात गळतं. त्या दुपारी तुम्ही वर पडून होता. तुमच्या जागी कुणीतरी उभं राहायला हवं होतं. सासूबाई उभ्या राहिल्या. मी त्यालाच माता म्हणतो. तुमच्या हातून घ्यायला नाही, तुमचे हात पोचत नव्हते तेव्हा तिला धरायला.

सासू: मला एवढी मोठी करू नका, फादर. मी आपली घाबरलेली बाई होते.

सून: मग उद्या काय? सत्तर माणसं येणार. मी झबलं शिवलंय. हात हलवत परत जायचं?

फादर: मुळीच नाही. घरी किंवा दवाखान्यात बाप्तिस्मा झालेलं बाळ चर्चमध्ये वाजतगाजत आणतात. त्याचा विधी आहे. तेल आहे, पांढरं झबलं आहे, मेणबत्ती आहे. फक्त पाणी नाही. आणि दारातला पहिला प्रश्न आईलाच आहे, तुमच्या बाळाला काय नाव दिलंत? सासूबाई, तुम्ही त्या दिवशी कुठलं नाव घेतलं? मला नोंदवावं लागेल.

सासू: नाही घेतलं.

फादर: मग काय म्हणालात?

सासू: "बाळा" म्हटलं. बाळा, मी तुला बाप्तिस्मा देते. तेवढंच.

सून: नाव सुचलं नाही?

सासू: सुचायला काय, माझ्या आईचं होतं तोंडावर. पण म्हटलं, सगळंच काय मी करायचं? जगली तर हिची आई ठेवेल. ती शुद्धीवर येईल, तिला काहीतरी राहू दे.

फादर: विधी होतो नावाशिवाय. त्यात काही अडत नाही.

सून: म्हणून तीन महिने तुम्ही तिला नुसतं "बाळा, बाळा" करताय? मला वाटायचं, तुम्हाला माझ्यावर राग आहे, मी बाप्तिस्म्यापर्यंत नाव लपवून ठेवलं म्हणून.

सासू: राग कसला? वाट बघत होते.

फादर: मग मला आत्ताच सांगून टाका. चिठ्ठीवर लिहून घेतो, उद्या दारात अडखळायला नको.

सून: तुम्हाला उद्या. दारात विचाराल तेव्हा सगळ्यांसमोर मोठ्यानं सांगेन. आई, तुम्ही इकडे या. कान करा इकडे.

(सून सासूच्या कानाशी लागते.)

सून: ऐकलंत?

सासू: ऐकलं. परत एकदा सांग.