देवी आत, रंग बाहेर

मायबहिणींनो, शहागंजातल्या दुकानदार भावांनो, आणि आपांच्या घरच्या सगळ्यांनो,

मी मॅट्रिक झालेली बाई. भजनी मंडळाची हिशोबाची वही लिहिते, तेवढंच माझं लिहिणं. माईकपुढं आज पहिल्यांदा उभी आहे. नसीमआपा गेल्या, हे म्हणायला जीभ रेटत नाय. पण आपांना रडकी तोंडं खपायची नाहीत, म्हणून एक गोष्टच सांगते.

जिन्याखालचं त्यांचं डीटीपीचं दुकान तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. नवरात्रासाठी आमच्या मंडळाची आरत्यांची पुस्तिका करायची होती. मी म्हटलं, "आपा, करून द्या." त्या म्हणाल्या, "क्या बाई, शिकून घ्या की! खर्च वाचेल. एकदा माझ्याविना फाइल पास करून दाखवा." खर्च वाचेल म्हटल्यावर मी लगेच खुर्चीत!

मुखपृष्ठावर देवी. मागं लालभडक रंग, पार कडेपर्यंत. छापखान्यानं फाइल परत पाठवली. का? तर ब्लीड नाय. आपांनी समजावलं, रंग कडेच्या बाहेर तीन मिलिमीटर जाऊ द्यायचा. कापताना पातं जरा सरकलं, तरी पांढरी रेघ दिसत नाय. घरी लेकीच्या लॅपटॉपवर मी पुन्हा केली. पुन्हा परत! मी आख्खं चित्रच ताणलं होतं. देवीची पावलं थेट पात्याखाली. छापखान्यातले भाऊ फोनवर विचारतात, "मावशी, पाय कापू का?" मी म्हटलं, नको रे बाबा, पांढरी रेघच राहू दे.

आपा हसल्या, लई हसल्या. मग म्हणाल्या, "अहो बाई, देवीला कशाला घराबाहेर काढता? देवी आत. रंग बाहेर." देवी वेगळी केली, कडेपासून चांगली आत बसवली. रंग तेवढा बाहेर सोडला. मी विचारलं, "आणि कापलेल्या पट्ट्या? त्या कचऱ्यात?" "नुसता रंग आहे त्यात. मन मानत नसेल तर घेऊन जा." आणल्या की मी! अजून पोथीत खुणेला वापरते.

नमाजाची वेळ झाली की आपा उठायच्या. जाताना म्हणायच्या, "तोवर सेव्ह करा."

पण खरं सांगू? त्यानंतर एकटीनं मी कधी फाइल पाठवलीच नाय. प्रत्येक वेळी शेवटी त्यांच्याकडं पळायचे. आजारपणात त्यांनी विचारलं, "माझ्याविना पास कधी करणार?" मी म्हटलं, "करीन हो. घाई काय आहे?"

परवा त्यांच्या सुनेनं आजच्या कार्डाचं काम मला दिलं. तेच तुमच्या हातात आहे. फोटो नाय, नुसतं आपांचं नाव आणि चहूबाजूंनी हिरवा रंग. पीडीएफ काढताना ब्लीडच्या चौकटीवर हात थांबला. टिक करायची ना? विचारणार कुणाला? केली. पाठवली. छापखान्यातून फोन आला, "मावशी, फाइल पास. पहिल्याच फेरीत."

फोन ठेवला आणि पायात चपला सरकवल्या. आपांना सांगायला. दारापर्यंत गेले होते हो मी.

ते सांगायचं राहून गेलं. तुमचंही काही राहिलं असेल. दोन मिनिटं उभं राहू या. ज्याला जी प्रार्थना येते ती म्हणा, आणि राहिलेलं तेवढं आपांना मनातल्या मनात सांगून टाका.