सासूबाईंच्या नायिकेचा खालचा ओठ

नाही, पण मला एक सांगा, माणसाचा खालचा ओठ टिकून टिकून किती टिकणार? ही बया पहिल्याच पानावर ओठ चावते, जिना उतरताना चावते, तो आला की चावते, तो गेला की चावते, दूध उतू गेलं तरी चावते! असं कोण करतं हो? मी इतकी वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासते, म्हणजे छापायच्या आधी लोकांच्या चुका शोधते. पुस्तकाच्या मागच्या पानावर, जाहिरातीत, 'काळजाला हात घालणारी कहाणी' दिसली की डोळे मिटून खोडते... काळीज काय उघड्यावर ठेवलेलं असतं, कोणीही यावं आणि हात घालावा? पण असा चावरा ऐवज कधी हाती आला नव्हता. आणि लेखिका कोण? सख्ख्या सासूबाई!

तुम्हाला सांगते, सासरे गेल्यापासून त्या दुपारी दार लोटून बसायच्या, आम्हाला वाटायचं डुलकी काढतात. तर एक दिवस हा एवढा गठ्ठा माझ्या पुढ्यात! "तुझ्या छापखान्याच्या मालकांना विचार ना गं, छापतील का?" मालकांनी सगळं माझ्यावर ढकललं. "बाई, तुम्ही हो म्हणा, मी छापतो." झालं! छापली नाही तर कोणी अडवली? सुनेनं! आणि जशीच्या तशी छापली तर हसं कोणाचं? सासूबाईंचं! आणि त्या रोज सकाळी माझ्यापुढे चहा ठेवून नुसत्या तोंडाकडे बघत उभ्या...

शेवटी हस्तलिखित टाइप करून घेतलं आणि सुट्टीच्या दिवशी बसलो तिघं जेवणाच्या टेबलाशी. आमच्या धंद्यात रीत आहे, एकानं हस्तलिखित मोठ्यानं वाचायचं, विरामचिन्हांसकट, आणि दुसऱ्यानं टाइप केलेल्या कागदांवर लाल पेन चालवायचं. वाचायला बसवलं नवऱ्याला. आता स्वतःच्या आईनं लिहिलेला प्रेमप्रसंग, आई समोर, बायको शेजारी, आणि हा माणूस मान खाली घालून वीज बंद राहणार असल्याची सूचना वाचावी तसा वाचतोय, "मी तुझ्याशिवाय जगू शकत नाही, उद्गारचिन्ह उद्गारचिन्ह उद्गारचिन्ह, असं म्हणून त्याने तिला मिठीत घेतलं, टिंब टिंब टिंब." कान लालबुंद झाले हो बिचाऱ्याचे!

बरं, नायक जीव वाचवणाऱ्या डॉक्टरांचे पाय धरतो आणि म्हणतो काय? "मी आपला आजन्म कृतघ्न राहीन!" म्हटलं, "आई, कृतज्ञ. कृतघ्न म्हणजे उपकार विसरणारा." तर म्हणतात, "असू दे गं, डॉक्टरांना कळलं ना?" डोळे तर सगळ्यांचेच टपोरे आणि पाणीदार... नायिकेचे, मैत्रिणीचे, पोस्टमनचे, खलनायकाच्या कुत्र्याचेसुद्धा! आणि ती नायिका आरशासमोर उभी राहून स्वतःच्या हनुवटीचं कौतुक करते, चांगलं दीड पान! असं कोण करतं हो? आपण आरशात बघतो ते दातात काय अडकलंय ते बघायला!

मी आपली खोडत सुटले. ओठ गेला, हनुवटी गेली, काळजाचे चुकलेले ठोके गेले, 'टचकन पाणी आलं' तर जिथे दिसेल तिथून गेलं. आधी सासूबाई हसत होत्या, वाद घालत होत्या. मग तोंड एवढंसं झालं त्यांचं. मला दिसत नव्हतं असं नाही, पण हातात लाल पेन आलं की मला चेव येतो, काय करू?

आलो शेवटच्या प्रकरणावर. नायकाचं दुखणं, दवाखाना, तिच्या हातात त्याचा हात. नवरा वाचतोय, "खिडकीबाहेर संध्याकाळ दाटून आली होती, पूर्णविराम." मी मारली फुली! "आई, अहो, पुस्तकातलं झाडून प्रत्येक माणूस संध्याकाळीच का मरतो? सकाळी, जेवणाच्या सुट्टीत, कधी कोणी जातच नाही का? असं कोण..."

"अगं, पण तुझे सासरे संध्याकाळीच गेले ना," सासूबाई म्हणाल्या. हळूच. "दाटून आली होती की नाही, आठवत नाही नीट. ते हवं तर खोड. संध्याकाळ तेवढी राहू दे."

पेन खाली ठेवलं मी. कागदावरची अक्षरं दिसेनात. आणि नवरा, इतका वेळ मान खाली घालून वाचणारा हा माणूस, वर बघतो आणि त्याच सुरात म्हणतो, "तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, पूर्णविराम."

सासूबाई अशा हसल्या, अशा हसल्या... आणि पदराला डोळे पुसत म्हणतात, "दे गं ते पेन इकडे. आता ही सूनच खोडून टाकते मी, असं कोण करतं!"

संध्याकाळ ठेवली. 'दाटून'सुद्धा ठेवलं. ओठ दोनदा चावू दिला, तोसुद्धा घासाघीस करून. पोस्टमनच्या डोळ्यांवर मात्र मी हटले नाही, तत्त्व म्हणून काही आहे की नाही?

दुसऱ्या दिवशी मालकांनी विचारलं, "काय बाई, कशी आहे कादंबरी?" मी इतक्या वर्षांची मुद्रितशोधक, शब्दाशब्दाला फुली मारणारी. तोंड उघडलं, आणि काय बाहेर पडावं?

"काळजाला हात घालणारी आहे हो. छापा."

आता पुस्तकाच्या मागच्या पानावर तेच छापलंय. खाली माझं नाव घालून!