दसऱ्याची सीडी

हसू नका, पण एकदा गडचिरोलीच्या एका हापिसातले वीस कॉम्प्युटर मी डोक्यावर उभे केले होते. साहेबाचा हुकूम होता, सगळ्या कॉम्प्युटरचा चेहरा सारखा पाहिजे. मी सुलोचनाबाईच्या टेबलावरचा कॉम्प्युटर नीट सजवला, चहा पिऊन आलो आन् परत न पाहता त्याचीच सीडी बनवली. ती टाकली की बाकीचे आपोआप तसेच होनार होते.

झाले ना! फक्त खालची स्टार्टची पट्टी वीसही ठिकाणी वर जाऊन बसली.

"बाई, पट्टीले हात लावला का तुमी?"

"भाऊ, आज दसरा न! तुमी चहाले गेले तवा मशीनची पूजा केली, तं कुंकू नेमकं स्टार्टवर लागलं. पुसाले मन नाई झालं, मंग पट्टीच वर सरकवली."

तेवढ्यात साहेब आले. त्यायनं एकेक स्क्रीन पाह्यला आन् म्हणाले, "वा! सगळे सारखे. असेच राहू द्या."

पुढच्या दसऱ्याले गेलो, तं वीसही स्क्रीनवर खाली, त्याच कोपऱ्यात कुंकू. आता ते काई माझ्या सीडीत नव्हतं, गड्याहो!