भेरूजींचा चोला

धारचं घर विकताना माझं काय बिनसलं, ते आज सांगूनच टाकतो. अंगणातल्या भेरूजींना, म्हणजे आमच्या भैरवाला, माझा मोठा भाऊ दर अमावस्येला शेंदूर चढवायचा. दादा गेला आणि वहिनीने घर विकायला काढलं. इंदूरचे एक शेठ आले. खोल्या न बघता मूर्तीसमोरच बसले.

"भिया, ये तो बहुत पुरानी चीज है. इसके साथ घर दोगे तो अभी लेता हूं."

वहिनी हो म्हणाली. माझं डोकं फिरलं. "भेरूजी माझ्याबरोबर देवासला येणार!" म्हणत मी मूर्तीला मिठी मारून जोर लावला. मूर्ती हलली नाही. शेंदराचा जाड चोला, थरावर थर चढून झालेलं कवच, मात्र निसटून खाली फुटला. आत आरसा धरलेली देखणी दगडी बाई उभी.

शेठ टाळी वाजवत हसले, "लो, तुम्हारे भेरूजी तो बाई निकले!"

मी खाली बसून तुकडे वेचत होतो. वरच्या थरावर दादाची बोटं उमटलेली होती.

"उतरलेला चोला नर्मदेत सोडतात, भावजी," वहिनी हळूच म्हणाली.

धरमपुरीला नर्मदेत दादाच्या अस्थी मीच सोडल्या होत्या. या वेळी त्याच घाटावर चोल्याच्या तुकड्यांवरची मूठ मात्र उघडेना.