पानी झाकून ठेवा

जयवंती माधव सामंत, ही सभा तुझ्यासाठी भरली आहे, आणि आज प्रथमच मला मध्येच थांबवायला तू नाहीस.

बंधू-भगिनींनो, आपण आलात, मी आपला ऋणी आहे. बोलणे मला अवघड जात आहे. तरीही माझ्याजवळ एक आनंदाची बातमी आहे, आणि ती सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. क्षमा असावी.

वसईच्या या निर्मळ गावात आपण माझ्या पत्नीला शाळेतल्या बाई म्हणून ओळखता. तिचे माहेर मात्र उत्तरेला, अणुवीज केंद्राजवळच्या कोळीवाड्यात. निवृत्तीनंतर ती तेथील आपत्कालीन सरावांची स्वयंसेविका झाली. सराव म्हणजे काय? भोंगा वाजला की घरात जायचे, दारे-खिडक्या लावायच्या, अन्नपाणी झाकायचे, पुढील सूचनेपर्यंत बाहेर यायचे नाही. आणि पहिल्या सरावाला झाले काय? भोंगा वाजला आणि सारा वाडा बाहेर आला! बाया पोरांना कडेवर घेऊन ओट्यावर. का? तर म्हणे, 'सराव बगायला!'

पुढच्या वेळेसाठी घोषणेचा मसुदा मी लिहून दिला. 'नागरिकांनी तत्काळ निवासस्थानी आश्रय घ्यावा व पेयजल आच्छादित करावे.' जयवंतीने तो आदराने घडी करून पर्समध्ये ठेवला. ध्वनिक्षेपकावर म्हणाली, 'बायांनो, आत जा! दारं लावा! पानी झाकून ठेवा!'

घरी आल्यावर मी म्हणालो, 'पाणी. ण.'

'अहो, तुमचा ण वसईत ठेवा. तिथे पानीच पितात.'

बाया आत जाऊ लागल्या. पण त्या भोंग्यासाठी जात होत्या, की जयवंतीसाठी? हीच तिची काळजी होती. रुग्णालयात शेवटपर्यंत विचारत होती, 'मी नसले तर जातील का हो आत?'

मित्रहो, काल सराव होता. दुखवट्यात जाऊ नये, असे काहींनी सुचवले. मी गेलो. ध्वनिक्षेपक माझ्या हाती दिला गेला. मसुदा खिशात होता, तो खिशातच राहिला. भोंगा वाजला, आणि मी म्हणालो, होय, मीच म्हणालो, 'बायांनो, आत जा! पानी झाकून ठेवा!'

आणि दारे लागली! एकामागून एक लागली! ओटे रिकामे! वाळत घातलेल्या बोंबलांपाशी एक मांजर, बाकी कोणी नाही! तिच्या चुलत वहिनी आज येथे पुढच्या रांगेत बसल्या आहेत. त्या बंद खिडकीआडून ओरडल्या, 'जावयबापू, आमी समदी आत हाव! भायेर तुमीच एकटं! तुमी पन आत या!'

जयवंती, जातात. तू नसलीस तरी जातात. ऐकलेस ना? जातात!

आता शेवटचे. सराव संपला की ती तेथील शाळेतून, जिथे स्वयंसेवक जमतात, मला फोन करी. एकच वाक्य बोले, आणि ती घरी पोचायच्या सुमारास मी चहाचे आधण ठेवत असे. काल सवयीने फोन हाती घेतला. लावायचा कोणाला?

म्हणून ते वाक्य येथे बोलतो. कृपया आपण सर्वांनी उभे राहावे आणि त्यानंतर क्षणभर स्तब्धता पाळावी.

जयवंती, शाळेला कुलूप लावले, किल्ल्या परत केल्या.