या गोळीचं त्या गोळीशी पटतं का?

...अहो, मग माणसानं विचारायचं तरी कुणाला? सांगा ना! मर्लितानं काय चंद्रावर जायचा रस्ता विचारला होता? एवढंच विचारलं, की या गोळीनं ती गोळी बिघडते का? हो की नाही! एका शब्दाचं काम!

मर्लिता माझी शेजारीण हो. फिलिपिन्सच्या इलोइलोत, नदीकाठी आमची दारं समोरासमोर. दारातच कढई मांडून साखरेत घोळलेली केळी तळते. खोकला हटेना म्हणून थुंकी तपासली, तर निघाला टीबी. तुम्हाला सांगते, रडली नाही बाई! म्हणाली, "बरा होतो ना? मग द्या गोळ्या." दिल्या. लालभडक. दुसऱ्या दिवशी लघवी ही अश्शी नारिंगी! तेव्हा तिच्या मनात आलं, जी गोळी पोटात शिरून एवढी रंगपंचमी खेळते, ती आपल्या दुसऱ्या गोळीला सुखानं नांदू देईल का? दुसरी म्हणजे... ती हो, मूल नको म्हणून रोज घ्यायची. आणि ती काही हौसेनं घेत नव्हती! तिसऱ्या बाळंतपणात एवढं रक्त गेलं, की पाद्रीबाबा मरणाऱ्याला लावतात ते शेवटचं तेल लावायला येऊन उभे! डॉक्टरांनी नवऱ्याला, रोदेलियोला, बजावलं होतं, "बायको हवी असेल तर चौथं नको."

म्हणून गेली आरोग्य केंद्रात. एक खोली, मधे पडदा. अलीकडे टीबीची नर्स. ही विचारते, "या गोळीनं ती गोळी बिघडते का?" नर्स गोड आवाजात, "मानांग, ताई, ते कुटुंब नियोजनाचं. पडद्यापलीकडे विचारा हं." पलीकडे सुईणबाई, "टीबी? अगं बाई, मास्क वर घे आधी! मला टीबीतलं काय कळतंय? पडद्यापलीकडे विचार!" अहो, शेवटी मर्लिता पडदा मुठीत धरून मधोमध उभी राहिली, एक पाय इकडे, एक तिकडे, म्हणाली, "आता दोघी मिळून सांगा!" तर दोघी ओरडल्या... "पडदा फाटेल!"

औषधाच्या दुकानात गेली, तर दुकानदार म्हणतो, "त्यापेक्षा ही ताकदीची गोळी घ्या, एकावर एक फुकट." पाद्रीबाबा म्हणाले, "मुली, मुळात ती गोळी घ्यायचीच कशाला?" सासू म्हणाली, "मूल देव देतो." मर्लिता म्हणाली, "देव देतो, नानाय, पण कळा मला पाठवतो ना!" आणि आमची शेजारची डेलिया! "मी दाढेसाठी अँटिबायोटिक घेतलं न् मला धाकटा झाला!" अगं डेलिया, फिएस्टात आठवडाभर नाचलीस तेव्हा रोजची गोळी घ्यायची शुद्ध होती का तुला? दोष बिचाऱ्या दाढेचा!

पण या गोळीनं ती गोळी बिघडते का? कुणी सांगेना... आणि पाळी लांबली.

हसू नका आता. दोन दिवस कढईतली केळी जळत होती, तिचं लक्ष नव्हतं. रोदेलियोनं आपली तीनचाकी रिक्षा काढली, तिला बसवलं आणि शहरातल्या मोठ्या डॉक्टरणीपुढं नेलं. डॉक्टरीण मान वर न करता म्हणाली, "हो, बिघडते. साध्या अँटिबायोटिकनं सहसा काही होत नाही. पण ही लाल गोळी यकृताला अशी कामाला लावते, की तुमची दुसरी गोळी अंगी लागायच्या आत फस्त! कुणी सांगितलं नाही?"

दिवस गेलेत का म्हणून तपासणी केली. नव्हतं काही, देवाची कृपा! टीबी ऐकून न रडलेली बाई तिथं बाकावर बसून हमसून हमसून रडली, आणि रोदेलियो आपल्या शर्टानं तिचं नाक पुसत होता.

डॉक्टरीण म्हणाली, "टीबीच्या गोळ्या मुळीच सोडायच्या नाहीत. तांबी बसवा नाहीतर इंजेक्शन घ्या, तोवर निरोध." झालं! सुईणबाई म्हणते, "इंजेक्शन संपलंय, तांबी बसवणारी ट्रेनिंगला गेलीय, निरोध फिएस्टा झाल्यावर येतील." रोदेलियो दुकानात गेला, तर रांगेत मागं त्याची आई! आला घरी ताकदीची गोळी घेऊन. एकावर एक फुकट!

मग तोच म्हणाला, "मला तू हवीस. मी आपला तीनचाकीत झोपतो." झोपायला लागला, गुडघे कानाशी घेऊन.

आणि काय सांगू, वस्तीला वाचा फुटली! सासू आली, "माझ्या पोराला बाहेर काढलंस?" डेलिया आली, "त्याची दुसरी बाई असणार!" पाद्रीबाबा स्वतः आले. नर्स आणि सुईणबाई तर एका छत्रीतून आल्या, अगदी एका सुरात, "मानांग, नवऱ्याला असं दूर ठेवू नये हो, संसार मोडतो!" तासभर समजावलं! एकीनंही म्हटलं नाही, की हे आमच्याकडे येत नाही!

मर्लितानं सगळ्यांना केळी दिली आणि वाटेला लावलं. आता रोदेलियोची कंबर धरलीय. काल कण्हत म्हणाला, "अगं, दुखण्यावर एखादी गोळी घेऊ का?" तर ही झारा घेऊनच धावली, "घरात आणखी एक गोळी आणलीस तर बघ! तेल चोळते, गप पालथा पड... आत कुठं निघालास? इथंच, तीनचाकीत!"